मित्राबरोबर दवाखान्यात

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



विषय कळवताना मी ‘आत्महत्येचे विचार आणि डॉक्टर’ असं लिहून पाठवलं होतं. पत्रिकेत छापून आलं ‘मनःस्वास्थ्य आणि आपण’. संयोजकांना मी नावं ठेवत नाही. लग्नसराईचे दिवस, चौकातल्या फळ्यावर तो शब्द लिहायचा कसा, असं त्यांना वाटलं असणार. पण मला आज जे सांगायचंय त्याचा नमुना त्यांनी फुकटात दिला, म्हणून आभारच मानते. माणसाच्या तोंडून एक वाक्य निघतं आणि दुसऱ्यापर्यंत पोचेपर्यंत त्याचं काहीतरी सौम्य, बरं दिसणारं होऊन बसतं.

रात्री अकरा वाजता टपरीमागे उभं राहून एखादा मित्राला सांगतो, “मला आता जगायचंच नाही रे.” सकाळी घरी तोच म्हणतो, “जरा बरं वाटत नाहीये.” संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी “बोला, काय होतंय?” विचारल्यावर म्हणतो, “झोप लागत नाही, छातीत जळजळतं.” डॉक्टर जळजळीची गोळी देतात. त्यांनी जे ऐकलं त्याच्यावर औषध दिलं. मूळ वाक्य ज्याने ऐकलं होतं तो मित्र त्या वेळी कामावर होता.

मी टेबलाच्या अलीकडे बसणारी बाई. मानसोपचारतज्ज्ञ म्हणून जिल्ह्याच्या गावात काम करते. आमच्याकडे माणूस येतो तोवर त्याचं वाक्य किती झिजलेलं असतं, हे रोज बघते. आणि हे माझ्या एकटीच्या अनुभवावरून बोलत नाही. २००२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी या विषयावरचे चाळीस अभ्यास एकत्र तपासले. आत्महत्येने गेलेल्यांपैकी सुमारे ४५ टक्के लोक शेवटच्या महिन्यात आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. मानसोपचाराच्या डॉक्टरकडे गेलेले होते साधारण २० टक्के. म्हणजे पायरी चढले होते, नंबर लावला होता, खुर्चीत बसले होते. त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी तिथे पाठदुखी सांगितली असेल. २००३ साली आणखी एक अभ्यास आला. रुग्णालयात असताना किंवा तिथून सुटल्यावर लगेच आत्महत्या केलेल्या लोकांचे केस पेपर त्यात तपासले. ज्यांच्या शेवटच्या बोलण्याची नोंद मिळाली, त्यातल्या सुमारे ७८ टक्के लोकांनी ‘तसे विचार येतात का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर दिलेलं होतं. मानसोपचाराच्या वॉर्डात, ज्याचं कामच हे विचारणं आहे त्याला दिलेलं उत्तर!

आपल्याकडचा आकडा सांगते आणि पुढे जाते, कारण आकड्यांनी सभा सुन्न होते आणि सुन्न माणूस काही करत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. त्यात महाराष्ट्राच्या २२,७४६, सगळ्या राज्यांत जास्त. मरणाऱ्यांत दर दहातले सात पुरुष. आपल्याकडे पुरुष बायकोला सांगत नाही, आईला तर नाहीच नाही. सांगितलंच तर मित्राला सांगतो, तेही दोन पेग झाल्यावर, आणि सकाळी म्हणतो, “काल जरा जास्तच झाली होती.”

म्हणून आजचं बोलणं मित्रांसाठी आहे, मैत्रिणींसाठी आहे. तुम्ही समुपदेशक व्हावं अशी माझी अजिबात अपेक्षा नाही. त्याला जगण्याचा अर्थ समजावून सांगू नका, ‘बघ, तुझ्याकडे किती आहे’ असा हिशेब मांडू नका. तुमच्याकडे एकच काम आहे. तुम्ही जे ऐकलं ते न झिजता डॉक्टरांच्या टेबलापर्यंत पोचवायचं, आणि शक्य असेल तर त्याच्याच तोंडून.

पण आधी ते नीट ऐकलं पाहिजे. आपल्या भाषेत हे बोलणं सरळ येत नाही. ‘जीव नकोसा झालाय’, ‘कटकट एकदाची संपली पाहिजे’, ‘झोपलो की उठूच नये असं वाटतं’, ‘माझ्यामागे तुमचं बरं चाललं असतं’. ही वाक्यं आपण इतक्यांदा ऐकलेली असतात की कान चालवून घेतात. त्या वेळी थांबून सरळ विचारा, “आत्महत्येचा विचार येतो का तुझ्या मनात?” हाच शब्द वापरा. ‘वेडंवाकडं काही करणार नाहीस ना?’ असं विचारू नका. त्या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं आहे. समोरच्याने ‘छे छे’ म्हणावं म्हणूनच तो विचारलेला असतो.

विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येईल, ही भीती मी डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकली आहे. २०१४ साली लंडनमधल्या संशोधकांनी यावरचे १३ अभ्यास चाळले. विचारल्यामुळे असे विचार वाढल्याचं एकाही अभ्यासात दिसलं नाही, काही ठिकाणी तर ते थोडे कमी झालेले दिसले. छातीत दुखतंय म्हटल्यावर ‘कुठल्या बाजूला? हातात कळ येते का?’ हे विचारायला आपण लाजत नाही. विचारल्याने कुणाला हार्ट अटॅक येत नाही. हेही तसंच विचारा.

आता त्याने ‘हो’ म्हटलं. पुढचं वाक्य जवळपास ठरलेलं असतं: “पण माझ्या गळ्याची शपथ आहे, कुणाला सांगू नकोस.” इथे भली भली माणसं अडकतात. शपथ म्हणजे शपथ! मी म्हणते, त्या क्षणी गप्प बसू नका, कारण आपल्याकडे गप्प बसणं म्हणजे शपथ घेणं. लगेच म्हणा, “शपथ घेत नाही. गावभर करणार नाही, तुझ्या घरी परस्पर जाणार नाही. पण डॉक्टरांना सांगायचं, आणि मी तुझ्याबरोबर येणार.” तो चिडेल. चिडू दे. त्याने तुम्हाला सांगितलं, यातच थोडा मार्ग त्याने उघडा ठेवलेला असतो.

कुठले डॉक्टर? आपल्या देशात लाखामागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही. तालुक्याला तर विचारूच नका. तेव्हा ज्याच्यासमोर तोंड उघडेल तो डॉक्टर पहिला. घरचा फॅमिली डॉक्टर चालेल, प्राथमिक आरोग्य केंद्रातले चालतील. जिल्हा रुग्णालयात, आपल्या सिव्हिलला, मानसोपचाराची ओपीडी असते. रात्री-अपरात्री कुणीच नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे, दिवसरात्र, फुकट, मराठीतूनही बोलतात. आणि तो फक्त त्रास होणाऱ्यासाठी नाही. ‘माझ्या मित्राचं असं असं आहे, काय करू?’ म्हणून तुम्हीही फोन करू शकता. हे बहुतेकांना माहीत नसतं.

गेल्या वर्षी दोघं माझ्याकडे आले होते. (ओळख पटू नये म्हणून काम-धंदा बदलला आहे आणि दोन-तीन माणसांचं मिळून एक केलं आहे.) एका कारखान्यात दोघं एकाच पाळीत. कंपाउंडरने नाव पुकारलं तसा पहिला आत आला, दुसरा दारातच थांबला. म्हणाला, “मॅडम, मी याचा मित्र. हा म्हणाला तर बसतो, नाहीतर बाहेर थांबतो.” पहिल्याने मानेनेच ‘बस’ म्हटलं. मी विचारलं, काय होतंय? तो म्हणाला, झोप नाही, भूक नाही, कामात लक्ष लागत नाही. आणि थांबला. बोटांनी टेबलाच्या काचेची कड घासत बसला. मित्राने शर्टाच्या खिशातून एक कागद काढला, पगाराच्या स्लिपच्या पाठीमागे बॉलपेनने लिहिलेला. उघडून त्याच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, “तू सांगतोस की मी वाचू?” बराच वेळ कुणी बोललं नाही. मग पहिला म्हणाला, “तूच वाच.”

कागदावर चार ओळी होत्या. कुठल्या तारखेला काय म्हणाला, ते त्याच्याच शब्दांत. कधीपासून झोप गेली. दारू किती वाढली. आणि शेवटची ओळ: गेल्या आठवड्यात स्वतःची मोटरसायकल भाच्याला देऊन टाकली. मला जे विचारत विचारत काढायला अर्धा तास लागला असता, ते त्या स्लिपवर होतं. मोटरसायकलची गोष्ट तर मला विचारायला सुचलीही नसती. वाचून झाल्यावर मित्र उठला, “मी बाहेर आहे,” म्हणाला आणि दार लोटून गेला. हे त्याला कुणी शिकवलं होतं देव जाणे. त्यानंतर पहिला बोलायला लागला.

यातली एकेक गोष्ट उचलण्यासारखी आहे. आत येण्याआधी परवानगी. त्याचेच शब्द, आपलं निदान नाही. ‘याला डिप्रेशन आलंय मॅडम’ हे मला उपयोगाचं नाही. ‘मंगळवारी म्हणाला, सकाळी उठलोच नाही तर बरं’ हे सोन्यासारखं आहे. आणि काम झाल्यावर बाहेर जाणं. काही गोष्टी मित्रासमोरही निघत नाहीत. कर्ज त्या मित्राच्याच भावाकडून घेतलेलं असू शकतं.

बायकांच्या बाबतीत तर बरोबर कोण आहे यावरच सगळं ठरतं. सून आणि सासू आत आल्या की मी तपासायच्या निमित्ताने सासूबाईंना बाहेर बसवते. पण सगळ्याच डॉक्टरांना तेवढी सवड नसते. तेव्हा शेजारच्या मैत्रिणीने “मी पण बीपी दाखवायला जातेय, हिला घेऊन जाते,” म्हटलं तर निम्मं काम झालं. अशी थाप मारल्याचं पाप लागत नाही.

बरं, आत डॉक्टर काय विचारतात? आधीच सांगून ठेवते, म्हणजे त्याला वाटेत सांगता येईल. काही ठिकाणी नऊ प्रश्नांचा एक कागद देतात. गेल्या दोन आठवड्यांत कितीदा असं वाटलं, यावर खूण करायची. नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दलचा असतो. पुष्कळ जण आठ प्रश्नांवर प्रामाणिक खुणा करतात आणि नवव्यावर ‘कधीच नाही’ करतात. मित्राने त्याला बाहेरच सांगावं, नववा खरा लिही, त्याच्यासाठीच आलोय. तोंडी विचारलं तर असं विचारतात: विचार येऊन जातो की ठाण मांडून बसतो? कसं करायचं ते ठरवलंय का? त्यासाठी काही आणून ठेवलंय का? पूर्वी कधी प्रयत्न केला होता का? दारू किती? आणि थांबवतं काय? हा शेवटचा प्रश्न ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. पण त्याच्या उत्तरात मुलीचं नाव असतं, म्हशीचं असतं, कधी अर्धवट राहिलेल्या घराच्या स्लॅबचं असतं, आणि पुढची सगळी बोलणी तिथून सुरू होतात.

आता त्या तीन भीती, ज्यांच्यामुळे वाक्य दारातच गिळलं जातं. पहिली, ‘येरवड्याला पाठवतील’, किंवा ठाण्याला, जिथले आपण असू त्याप्रमाणे. विचार येतात असं सांगितलेल्यांपैकी बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात. दाखल करायची वेळ आलीच, तर इच्छेविरुद्ध ठेवण्यावर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, याने पुष्कळ बंधनं घातली आहेत. त्याच कायद्याने भूल न देता शॉक द्यायला बंदी केली आहे. सिनेमात दाखवतात तसा खाटेला बांधून शॉक देत नाहीत. दुसरी भीती गावाला कळण्याची. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन आमच्यावर कायद्याने आहे. जीव वाचवण्यापुरतं जेवढं सांगावं लागेल तेवढंच सांगता येतं. कंपाउंडर आपल्या आळीतला असेल तर मात्र शेजारच्या गावचा डॉक्टर गाठा. कायद्यावर विसंबून राहू नका.

तिसरी भीती पोलिसांची, आणि तिला जुना आधार आहे. दंड विधानाच्या ३०९ कलमाखाली आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या पीठाने, एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात ते कलम घटनाबाह्य ठरवलं. त्या शिपायावर मानसिक आजाराचे उपचार चालू होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली तेच म्हटलं आणि १९९६ साली पुन्हा फिरवलं. शेवटी २०१७च्या कायद्याने ठरवलं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं, त्याच्यावर खटला भरायचा नाही, आणि त्याला उपचार देणं हे सरकारचं काम. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम आलेलंच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरती तरतूद शिल्लक आहे. प्रयत्न झाला तर रुग्णालयं अजूनही पोलिसांना कळवतात, हे खरं आहे, लपवत नाही. पण मनात विचार येतात असं डॉक्टरांना सांगण्याचा पोलिसांशी तेव्हाही संबंध नव्हता, आताही नाही.

कधी डॉक्टरच कमी पडतात. आमच्या बिरादरीबद्दल बोलताना जरा जपून बोलायची पद्धत आहे, पण बोलते. ‘टेन्शन घेऊ नका, फिरायला जा, देवाचं नाव घ्या’ आणि झोपेच्या दहा गोळ्या, हे मी वाचलेल्या कितीतरी चिठ्ठ्यांचं सार आहे. अशा वेळी मित्राने तिथेच नम्रपणे म्हणावं, “डॉक्टर, हा मरणाचं बोलतोय. हे तुमच्याकडे होईल, की कुणाकडे पाठवता?” चांगला डॉक्टर खुर्ची पुढे ओढतो. दुसऱ्या प्रकारचा निदान रेफर चिठ्ठी तरी देतो. दोन्ही चालेल. आणि झोपेच्या गोळ्या मिळाल्याच तर त्या तुमच्याकडे ठेवा, रोजची एक द्या.

आता घरी परत निघाल्यावरचं. लोकांना वाटतं, दवाखान्यात नेलं, सुटलो. उदासीनतेवरच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींत सुरुवातीच्या दिवसांत अस्वस्थता आणि असे विचार वाढूही शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली लहान आणि किशोरवयीन मुलांसाठी, आणि २००७ साली पंचविशीच्या आतल्या तरुणांसाठीही, तसा इशारा छापायला लावला. म्हणून गोळ्या सुरू झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी फोन करा. ‘बरा आहेस ना?’ असं विचारू नका, ‘झोपलास किती? येरझाऱ्या घालतोयस का? ते विचार वाढलेत का?’ असं विचारा. वाढलेत म्हणाला तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. गोळ्या मनाने बंद करू नका.

डॉक्टरांबरोबर बसून एक कागद करता येतो. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकेतल्या दोघांनी ही पद्धत बसवली. विचार जोर धरायला लागल्याची आपली खूण कोणती, तेव्हा एकट्याने काय करायचं, कुठे जाऊन बसायचं, कुणाला फोन, मग डॉक्टरांचा नंबर, आणि शेवटी घरातलं धोक्याचं काय कुणाकडे ठेवायचं. २०१८ साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात, आपत्कालीन विभागात आलेल्यांना हा कागद आणि नंतर फोन मिळाले तेव्हा पुढच्या सहा महिन्यांतल्या आत्महत्येशी संबंधित कृती जवळपास ४५ टक्क्यांनी कमी होत्या. त्यातल्या शेवटच्या ओळीवर शेतकरी घरातल्या मित्रांनी जास्त लक्ष द्यावं. फवारणीचं औषध घरात नको, शेजाऱ्याच्या कुलपात ठेवा. श्रीलंकेने १९९५पासून सर्वांत विषारी कीटकनाशकांवर बंदी घातली आणि दहा वर्षांत तिथलं आत्महत्येचं प्रमाण निम्म्यावर आलं. विचार सगळ्यात जोरात असतात तो तास निघून जातो. त्या तासात हाताशी काय आहे, यावर पुष्कळ काही ठरतं.

आणि पत्रं. जेरोम मोटो नावाचे सॅन फ्रान्सिस्कोचे मानसोपचारतज्ज्ञ होते. रुग्णालयातून सुटल्यावर पुढचे उपचार नको म्हणणाऱ्या रुग्णांपैकी निम्म्यांना त्यांनी अधूनमधून दोन-चार ओळींचं पत्र पाठवलं. सल्ला नाही, आठवण नाही की गोळ्या घेतल्या का. फक्त चौकशी. पहिल्या दोन वर्षांत पत्र मिळणाऱ्यांत आत्महत्या कमी झाल्या. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर रोज ‘सुप्रभात’चं फूल पाठवता, त्याऐवजी त्याला महिन्यातून एकदा स्वतःचं वाक्य पाठवा.

तुमच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यातल्या तीन घेते.

‘मित्र डॉक्टरांकडे यायलाच तयार नाही, तर?’ तर तुम्ही जा. तुमचं म्हणणं ऐकायला आम्हाला कुणी बंदी केलेली नाही. त्याने कसं करायचं ते ठरवलंय, सामान आणलंय, वस्तू वाटून टाकतोय, किंवा फार दिवसांच्या तळमळीनंतर एकाएकी शांत झालाय, असं दिसलं तर मात्र मनधरणी करत बसू नका. त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना उठवा, १०८ला फोन करा किंवा गाडीत घालून सिव्हिलच्या अपघात विभागात न्या. त्या रात्री त्याचा नकार बाजूला ठेवायचा.

‘आम्ही सांगितल्यावर मैत्रीण तुटली, आता बोलत नाही.’ अशी चिठ्ठी येणार हे माहीत होतं. काही जण परत बोलतात, वर्षाने, दोन वर्षांनी. काही नाही बोलत. ती आहे, कुठेतरी तुमच्यावर रागावून आहे, एवढं मी सांगू शकते.

‘खासगी डॉक्टरांची फी परवडत नाही.’ १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, सिव्हिलही त्यात आलं. विमा असेल तर मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं, असं २०१७च्या कायद्यात आहे. नाही म्हणाले तर लेखी मागा. सिव्हिलला जाताना सकाळी लवकर जा, आधार कार्ड आणि जुन्या चिठ्ठ्या बरोबर ठेवा, आणि केस पेपरच्या रांगेत त्याला उभं करू नका. त्याला बाकावर बसवा. रांगेत तुम्ही थांबा.